हलक्या हाताचं बटण

आमच्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत पुढे आबांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी टेम्पोतून, कधी बैलगाडीतून यायच्या. आबा त्यातली जळकी तार ओढून काढायचे, नवी तांब्याची तार भरायचे, वॉर्निश पाजून वाळवायचे आणि मग मोटार चालू करून बघायचे. ती सुरू झाली की मांडणीवरची भांडी थरथरायची. भाजीत मीठ कमी आहे, एवढं सांगायलासुद्धा आम्हाला ओरडावं लागे. माय चुलीपुढे बसून कळण्याच्या भाकरी थापायची आणि तिथूनच दुकानातल्या गिऱ्हाइकाशी भांडायची. माझी मोठी बहीण, आमची अक्का, गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालताना खालच्या गल्लीतल्या मैत्रिणींशी गप्पा मारायची आणि तिचा शब्द न् शब्द पाणपोईपर्यंत ऐकू जायचा. आजही मी वर्गात शिकवायला लागले की शेजारच्या वर्गातले सर उठून दार लावून घेतात. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, आता आवाज काही बदलायचा नाही.

अक्काला दिलं ते भडगावला. माणसं चांगली होती, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कोणी त्यांना नावं ठेवील. शेती मोठी, घरात वडीलधारी माणसं पुष्कळ, ओटीवर कायम कोणी ना कोणी पाहुणा बसलेला. बायका आत. सुनेनं ओटीवर हाक मारायची नाही, असा तिथला रिवाज. चहा झाला की मधल्या दाराची कडी एकदा हलकेच वाजवायची आणि मागे सरायचं. मग आतेसासू नाहीतर लहान दीर उठून ताट घेऊन जायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अक्काला कडी वाजवताना पाहून मला हसू आवरेना. घरी येऊन मी आबांना नक्कल करून दाखवली. आबाही हसले होते.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी अक्काचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं. आठवा महिना होता, ती माहेरी यायची होती चार दिवसांनी. दुपारी नणंदेला पाहायला पाहुणे आले होते, घर भरलेलं होतं आणि अक्का आतल्या खोलीत एकटी कळा देत पडली होती. पाहुणे गेल्यावर सासूबाई आत गेल्या तेव्हा उशीर झाला होता. मूल गेलं. अक्का कशीबशी राहिली. "सांगितलं का नाहीस?" हे तिला सगळ्यांनी विचारलं. सासूबाईंनी रडत विचारलं, मायनं रागावून विचारलं, मीही विचारलं. ती काही बोलली नाही. म्हणून दुसऱ्या खेपेला मायनं सहाव्या महिन्यातच तिला धुळ्याला आणून ठेवलं आणि शपथ घातल्यासारखं सगळ्यांना बजावलं की या खेपेला पोरीला एका क्षणासाठी एकटं सोडायचं नाही.

मी तेव्हा पॉलिटेक्निकात इंडस्ट्रियल इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गात आम्ही चारच मुली, आणि त्या चौघींत सर्वांत आगाऊ मी. प्रोजेक्ट काय करावा, असा विचार चालला होता तेवढ्यात आबांनी ज्यांच्या बोअरची मोटार भरून दिली होती त्या डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. त्यांचा आठ खाटांचा प्रसूतिगृहाचा दवाखाना होता. त्या म्हणाल्या, "बाळंतिणींना ओरडून सिस्टरला बोलवावं लागतं. काही घंटीबिंटी करता येईल का हो?" आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हायी करी दी. तिनी शाळाम्हा त्येच शिकाडतस."

प्रत्येक खाटेच्या उशाला एक बटण, तिथून तारा सिस्टरांच्या खोलीत, आणि तिथे एक पेटी. पेटीवर आठ लाल दिवे, एक बझर, आणि आत ८०३१ नावाची चाळीस पायांची चिप. ज्या नंबरच्या बाईनं बटण दाबलं त्या नंबरचा दिवा लागायचा. माझा प्रोग्राम मास्तरांच्या हजेरीसारखा होता. एक नंबर, हाक मारलीस का? नाही? मग दोन नंबर, तू? बटणातली पत्री दाबताना थोडी थरथरते, एकदा दाबलं तरी चिपला चारदा दाबल्यासारखं वाटतं, म्हणून प्रत्येक नंबरापाशी मी तिला जरा थांबायला लावलं होतं. अशी आठ खाटांची एक फेरी व्हायला दीडेक सेकंद लागायचा. मी अंगठा दुखेपर्यंत बटणं दाबून पाहिली. एकदाही चुकली नाही. दवाखान्यात पेटी लागली त्या दिवशी आबांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले आणि मायनं डॉक्टरीणबाईंच्या घरी शेवभाजीचं पातेलं पाठवलं. मायला आता अक्काची काळजी उरली नव्हती. "आते कमलनं बटन शे ना तठे," ती माझं नाव घेऊन येईल त्याला सांगायची. "मंग काय भ्याव?"

आठ दिवसांतच दवाखान्यातल्या लतासिस्टरनं निरोप पाठवला की पेटी चालत नाही. मी सायकल काढून गेले. सगळी बटणं दाबून पाहिली, सगळे दिवे लागले. "चालते की," मी म्हटलं. लतासिस्टर म्हणाल्या, "मग या बायका म्हणतात काय? बटण दाबलं, कोणी आलं नाही." तीन नंबरच्या खाटेवर सोनगीरकडची एक बाई होती. तिला मी विचारलं, "मावशी, दाबलं होतं का खरंच?" ती संकोचून म्हणाली, "दाबं ना बेटा. मंग माले वाटनं, सिस्टर काममा व्हई. कसाले तरास देवाना?" झालं, मला वाटलं मला कारण सापडलं. या बायका दाबतच नाहीत, नुसतं म्हणतात. मी वॉर्डाच्या मधोमध उभी राहिले आणि आमच्या दुकानात शोभेल अशा आवाजात भाषण ठोकलं. बटण गोंजारायचं नसतं, दाबायचं असतं, लाजायचं काम नाही, वगैरे. आठ ओल्या बाळंतिणी पदर सावरून खाली मान घालून ऐकत होत्या. वर मी मोठ्या अक्षरांत कागद लिहून भिंतीला चिकटवला : बटण दोन सेकंद दाबून धरावे. त्या कागदाची आठवण झाली की मला अजून घाम फुटतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अक्काला तिथेच नेलं, पाच नंबरची खाट मिळाली. सकाळी मुलगी झाली. सगळं नीट झालं, मुलगी खणखणीत आवाजाची होती, आबा म्हणाले आमच्या घरची शोभते. मायनं शेपूची भाजी आणि मऊ भाकरी खाऊ घातली, आणि दुपारी अक्काला डोळा लागल्यावर ती डिंक तळायला आणि बाळाच्या लंगोटांना कापड आणायला घरी गेली. मला म्हणाली, "इथंच बस." मी तिच्या खाटेशेजारी बसले नाही. सिस्टरांच्या खोलीत पेटीसमोर बसले. तिथे टेबल होतं, पंखा होता, आणि मला प्रोजेक्टची फाइल पुरी करायची होती. पाच नंबरचा दिवा लागला की मला कळणारच होतं. लतासिस्टर दुसऱ्या बाईजवळ आत प्रसूतीच्या खोलीत गेल्या होत्या. मी फाइलमध्ये माझ्याच पेटीचं कौतुक लिहीत होते आणि समोर आठही दिवे विझलेले होते.

वॉर्डातून किंकाळी आली ती झाडूवाल्या मावशींची. फरशी पुसता पुसता त्यांना पाच नंबरच्या खाटेखाली रक्त दिसलं होतं. मी धावत गेले तर अक्का शुद्धीत होती, पण तोंड पांढरं पडलेलं, ओठसुद्धा. डॉक्टरीणबाई हातमोजे चढवतच आल्या. त्या पोट दाबत होत्या, इंजेक्शनं देत होत्या, सिस्टरला ओरडून बाटल्या मागत होत्या आणि मी दाराशी खांबासारखी उभी. कोणीतरी आबांना आणलं, त्यांचं रक्त जुळलं, ते तसेच वॉर्निशच्या हातांनी आत जाऊन झोपले. माय डिंकाचा वास अंगावर घेऊन आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. दिवेलागणीला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "थांबलं. वाचली पोरगी." माय आहे तिथेच फरशीवर बसली. मी बाहेर नळापाशी जाऊन उगीचच तोंड धुत राहिले, पाणी बंद करायचं लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का बोलण्यासारखी झाली. मी काय विचारलं असेल तिला? लिहायला लाज वाटते, पण लिहायचं ठरवलंच आहे तर सगळं लिहावं. मी विचारलं, "बटण का नाही दाबलंस?"

"दाबं व्हतं मी."

"नीट दाबलं नसशील."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मलाच काय वाटलं कोण जाणे, म्हटलं, "कसं दाबलंस, दाखव." तिनं हात उशाकडे नेला. तर्जनीचं टोक बटणाला टेकवलं, तापल्या तव्याला पाणी लावून पाहतात तसं, आणि लगेच काढून घेतलं. बटणाचा टिक आवाज झाला, म्हणजे दाबलं गेलं होतं. वॉर्डात दुसरा काही आवाज नव्हता. सिस्टरांच्या खोलीत बझर वाजला नाही.

"मग पुन्हा दाबायचं!" मी म्हटलं.

"एक डाव कडी वाजाडी ना," अक्का म्हणाली. "दोन डाव कोन वाजाडस?" आणि मग वर छताकडे पाहत, जणू माझ्याशी नाहीच, ती म्हणाली, "त्या दिनले बी वाजाडी व्हती. भडगावले. पाहुनास्ना गलकाम्हा कोन्ही आयकी नही."

म्हणजे तिनं सांगितलं होतं. आम्ही सगळ्यांनी दोन वर्षं तिला विचारलं होतं, सांगितलं का नाहीस, आणि तिनं सांगितलेलं होतं, तिच्या घरी जसं सांगतात तसं. गच्चीवरून गल्ली डोक्यावर घेणारी माझी बहीण चार वर्षांत इतकी हळू झाली होती आणि मी तिचीच नक्कल करून हसले होते. मी तिचा हात धरून रडले. ती मला म्हणाली, "हळू, बाळ उठंल."

डॉक्टरीणबाई चांगल्या, पण स्पष्ट. "तुझी बहीण अजून पाच दिवस इथं आहे. ती घरी जाण्याआधी पेटी सुधारली नाही तर ती उचल, मी पितळी घंट्या आणते." त्या पाच दिवसांसाठी मायनं घरून स्टीलचं ताट आणि पळी आणून अक्काच्या उशाशी ठेवली आणि स्वतः स्टुलावर ठाण मांडलं. पेटीकडे ती पाहीनाशी झाली होती.

मी दुकानात आबांसमोर बसून सगळं सांगितलं. ते शेतावरच्या पंपाचा स्टार्टर खोलून बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कमल, हाऊ हिरवं बटन मानूस कितला येळ दाबस? एक डाव टच कयं का कॉन्टॅक्टर धरी लेस, बोट काढं तरी मोटार चालूच ऱ्हास. मंग तू त्या बायास्ले दोन सेकंद का बरं धरी ठेवाले लावस?" बस, एवढंच. ते पुन्हा कामाला लागले. माझी चूक एका वाक्यात त्यांनी समोर मांडली होती. अक्कानं बोट टेकवलं तेव्हा माझी चिप दुसऱ्याच खाटेपाशी थांबलेली असणार. ती हजेरी घेत घेत पाचवर येईपर्यंत अक्कानं हात काढून घेतला होता. बायका खोटं बोलत नव्हत्या. भाषण पेटीला ठोकायला हवं होतं.

इंटरप्टचा, म्हणजे चिपला मधेच हाक मारून थांबवण्याचा, धडा आम्हाला होता, पण परीक्षेला चार मार्कांना यायचा म्हणून मी तो पाठ केला होता, समजून घेतला नव्हता. कॉलेजातल्या चौधरी सरांकडे गेले. त्यांनी कागदावर चिपच्या बाराव्या पायाभोवती गोल केला. आठही बटणांच्या तारा एकेका डायोडमधून या एका पायाला आणून जोडायच्या. कोणीही, कितीही हलकं बटण दाबलं की त्या पायावरचा विजेचा दाब खाली पडतो आणि चिप हातातलं काम जिथल्या तिथे टाकून प्रोग्राममधल्या तीन नंबरच्या ठरलेल्या पत्त्यावर धावते. तिथे पाहायचं, हाक कोणाची, तो नंबर टिपून ठेवायचा आणि परत येऊन राहिलेलं काम पुढे चालू करायचं. हजेरी नको, वाट पाहणं नको. मी घाईघाईनं लिहून आणलेल्या प्रोग्राममध्ये त्या पत्त्यावरच बझरही वाजवला होता, दोन सेकंद. सरांनी त्यावर काट मारली. "निरोप घ्यायचा आणि निघायचं. तिथे चहा पीत बसायचं नाही. तेवढ्यात दुसरीनं हाक मारली तर?" पत्रीच्या थरथरीचाही इलाज त्यांनी सांगितला : पहिली हाक लगेच टिपायची आणि पुढचा थोडा वेळ त्याच नंबराकडे दुर्लक्ष करायचं. मी करत होते याच्या बरोबर उलटं. आधी थांबायचं आणि मग ऐकायचं, असं माझं चाललं होतं.

प्रोग्राम ज्या वेगळ्या चिपमध्ये भरायचा तिच्या पाठीवर काचेची खिडकी असते आणि जुना मजकूर पुसायला तिच्यावर खास दिव्याचा उजेड पाडावा लागतो. आमच्या कॉलेजातला तो दिवा गेलेला होता. पण दुसरी एक चिप मी पंधरा दिवसांपूर्वीच गच्चीवर बिबड्यांच्या खाटेवर उन्हात ठेवलेली होती, खानदेशातलं चैत्रातलं ऊन कोणत्या दिव्याला हार जाणार? ती कोरी निघाली. माय तेव्हा कावळ्यांपासून बिबड्यांबरोबर तिचीही राखण करायची. आता ती भरायला जळगावला जायचं होतं, तिथे एका ओळखीच्या दुकानात यंत्र होतं. सकाळच्या एस.टी.नं पारोळा, एरंडोल करत गेले, मांडीवर प्रोग्रामचा कागद, आणि प्रत्येक आकडा बोटानं पुन्हा पुन्हा तपासत. दुकानदार आकडे भरत असताना मी त्याच्या मागे उभी राहून मोठ्यानं वाचत होते. तो शेवटी म्हणाला, "ताई, मी बहिरा नाही." परतीच्या गाडीत चिप रुमालात बांधून मुठीत धरली होती. मूठ उघडली ती दवाखान्यातच.

तारा जोडायला आबा आले. मी आणखी एक गोष्ट केली, ती सरांनी सांगितली नव्हती. प्रत्येक खाटेच्या उशाला, बटणाच्या वर, एक बारीक हिरवा दिवा लावला. चिपनं हाक टिपली की तो लागायचा आणि सिस्टर येऊन बंद करीपर्यंत लागलेला राहायचा. म्हणजे दाबणारीला कळेल की आपलं पोचलं. भिंतीवरचा माझा कागद मी स्वतः फाडला. सोनगीरची बाई अजून तिथेच होती, तिचं बाळ काविळीमुळे थांबलं होतं. तिला म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. तुम्ही दाबत होता तसंच दाबा." तिनं पदराआडून बोट काढून टेकवलं. हिरवा दिवा लागला, आत बझर वाजला. ती बाई दिव्याकडे पाहत राहिली आणि शेजारणीला म्हणाली, "आयकं वं माय, आयकं त्यानं." डॉक्टरीणबाई दारातून पाहत होत्या. त्या निघून गेल्या, आणि पितळी घंट्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

अक्काचं बटण मी मुद्दामच शेवटी ठेवलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. तिला म्हटलं, "दाब," आणि लगेच सिस्टरांच्या खोलीत पळाले, कारण तिच्या बोटाकडे मला पाहवेना. पेटीसमोर उभी राहिले, मुठी आवळून. पाच नंबरचा दिवा लागला. इतक्या पटकन लागला की मी श्वास सोडायलाच विसरले. लतासिस्टर उठून गेल्या, "काय हवंय?" विचारून, दिवा बंद करून परत आल्या. "काही नको म्हणते. दाबून पाहिलं म्हणे." मी खुर्चीत बसले. पाच दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकली.

तेवढ्यात बझर पुन्हा वाजला. पाच नंबर. मी सिस्टरांच्या पुढे धावले. अक्का उशीला टेकून बसली होती, मांडीवर बाळ, तोंडावर रंग आलेला. माय स्टुलावरून अर्धी उठलेली.

"काय झालं?" मी ओरडले. "काय हवंय?"

"काही नही," अक्का म्हणाली आणि हसली. "सहज."

बोट अजून बटणावरच होतं, आणि तिनं ते तिसऱ्यांदा दाबलं.